लोखंड्या परत येतोय, मग आबा?

पत्र:

ताई, आम्ही काळाचौकीला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. आषाढात माझे सासरे गेले. आबा आणि नातू म्हणजे एक जोडीच होती. दोघं मिळून हिंदीत डब केलेले सुपरहिरोंचे पिक्चर बघायचे. आबांच्या लक्षात नावं राहायची नाहीत, म्हणून त्यांनी आयर्न मॅनला 'लोखंड्या' करून टाकलं होतं आणि थॅनॉस नावाच्या जांभळ्या खलनायकाला 'वांगं'. आबा गेले तो रविवार होता. दुपारी दोघं टीव्हीसमोर होते, 'एंडगेम'ची शेवटची मारामारी चालू होती. आबांनी पाणी मागितलं तर हा म्हणाला, "थांबा आबा, एवढं संपू दे." मग आबा आत जाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मी लगेच भावाला बोलावून मुलाला डोंबिवलीला पाठवून दिलं आणि तेराव्यानंतरच आणलं. तो एकदाही रडला नाही. आम्हाला वाटलं, लहान आहे, सावरला. पण आता रोज शाळेतून आला की त्याच पिक्चरची शेवटची वीस मिनिटं लावतो आणि आयर्न मॅन मेला की ढसाढसा रडतो. मिस्टर म्हणतात, ॲपच काढून टाकू, हे पिक्चरवाले पैशासाठी मारतात आणि पैशासाठी जिवंत करतात. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. आबांचा फोन मी बंद करून कपाटात ठेवलाय, त्यात त्यांनी याला पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत, ते याच्या कानावर पडायला नकोत म्हणून. गेल्या आठवड्यात हा शाळेतून ऐकून आला की आयर्न मॅन परत येणार आहे. किती दिवस राहिले ते वहीत लिहून ठेवतो. रात्री दिवा घालवल्यावर मला विचारलं, "मम्मी, लोखंड्या परत येतोय, मग आबा?" मी म्हटलं, "झोप आता." पिक्चर बंद करू का? एका खोट्या माणसासाठी मुलाने एवढं रडणं बरं आहे का?

– एक आई

उत्तर:

ताई,

पिक्चर बंद करू नका. ॲपही काढू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेतो मिस्टरांनी रिमोट लपवला असेल तर तो बाहेर काढायला तुम्हाला वेळ लागेल. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. मीठ-मोहरीने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. आणि त्यांचाही नवरा गेलाय. त्यांच्या हातांनाही काहीतरी करायला हवं असेल.

आता तुमचा 'खोटा माणूस'. कीर्तनात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा तो बाहेर येणार नाही हे अगदी मागे बसलेल्या माणसालाही ठाऊक असतं. तरी बुवांचा आवाज खाली आला की बायका पदर डोळ्यांना लावतात. तो आपला कोण लागत होता, असं कुणी विचारत नाही. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर लिहिलं. तो आपल्याला ओळखत नाही, आपण मात्र त्याला घरच्यासारखं ओळखतो. नातं एकतर्फी असलं तरी ते तुटल्यावर येणारं रडू काही अर्धं येत नाही. आयर्न मॅन पडद्यावर आला २००८ मध्ये आणि मेला २०१९ मध्ये. ११ वर्षं, आणि 'एंडगेम' हा मार्व्हलच्या त्या मालिकेतला २२वा चित्रपट. पहिला बघताना जी मुलं शाळेत होती ती शेवटच्याला नोकरीला लागली होती. त्या एप्रिलमध्ये मुंबईच्या थिएटरांत दाढी-मिशा आलेले गडी हुंदके देत होते आणि दिवे लागल्यावर एकमेकांकडे न बघता जिना उतरत होते. माझा भाचा त्यांतलाच एक. एसीने डोळ्यांतून पाणी आलं, असं त्याने घरी सांगितलं होतं.

पण तुमच्या मुलाचं तसं नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. तो ९ वर्षांचा, म्हणजे आयर्न मॅन मेला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नसेल. त्याला तो भेटला तोच मुळी 'शेवटी मरणारा' म्हणून, जसा आपल्याला कर्ण भेटतो. त्या मरणाचा धक्का त्याला कधीच बसलेला नाही. आबांबरोबर त्याने ते कितीदा तरी पाहिलं असेल आणि तेव्हा तो रडत होता असं तुम्ही लिहिलेलं नाही. मग आत्ताच का?

एक सांगा, त्या वीस मिनिटांत काय काय आहे ते तुम्ही कधी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय का? पाहिलं नसेल तर मी सांगते. टोनी, म्हणजे आपला लोखंड्या, सहा जादूचे खडे घातलेल्या हाताने चुटकी वाजवतो, वांग्याची सगळी फौज धूळ होऊन जाते आणि टोनी एका ढिगाऱ्याला टेकून बसतो. त्याच्याजवळ आधी त्याचा मित्र येतो. मग एक पोरगा येतो. हा पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन. तो रडत रडत सांगत असतो की आपण जिंकलो. टोनीला ते ऐकू येतंय की नाही, कळत नाही. मग टोनीची बायको त्या पोराला हलकेच बाजूला करते. पुढचं मरण मोठ्या माणसांमधलं.

पोराला हलकेच बाजूला करतात. तुमच्या भावाची डोंबिवली आठवली ना?

त्यानंतर टोनीचं रेकॉर्ड करून ठेवलेलं बोलणं सगळे बसून ऐकतात. मग तळ्याकाठी सगळी माणसं काळ्या कपड्यांत उभी. टोनीची बायको फुलांचं एक चक्र पाण्यात सोडते, त्यावर त्याच्या छातीतलं ते पहिलं यंत्र ठेवलेलं असतं. कुणी भाषण करत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून जातो, कोण कोण आलंय ते दाखवत. आपल्याकडेही माणूस गेला की घरात पहिली चौकशी हीच असते: कोण कोण आलं होतं?

तुमच्या मुलाने लोखंड्याचं सगळं पाहिलंय. प्राण गेलेला पाहिला, माणसं जमलेली पाहिली, पाण्यात सोडलेलं पाहिलं, नंतर पायरीवर बसलेली त्याची छोटी मुलगी पाहिली. आबांचं त्याने काय पाहिलं? पाणी मागताना पाहिलं. त्यानंतर एकदम डोंबिवली, आणि परत आला तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो. मधलं सगळं कापलेलं. मग तो रोज संध्याकाळी त्याला जे अख्खं मिळालंय ते लावतो आणि तिथे रडतो. मी असते तर मीही हेच केलं असतं.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. आपल्याकडे मुलांना अशा वेळी बाजूला नेण्याची पद्धतच आहे. घरात रडारड, तिरडी, मडकं, ते सगळं पोराने बघू नये असं वाटणं साहजिक आहे, आणि लहान घरात तर दुसरी सोयही नसते. आता त्याला मागे नेता येणार नाही, पण सांगता येईल. आबांना कुणीकुणी खांदा दिला, त्यांच्या बरोबरीचे कोण आले होते, पाऊस होता का, अंगावर कोणता सदरा घातला, तोंडात तुळशीपत्र कुणी ठेवलं, पप्पा रडले का. हे सगळं सांगा. खरं तर हे पप्पांनी सांगितलं तर जास्त बरं, कारण स्मशानापर्यंत ते गेले होते आणि तुम्ही गेला नसाल. तो प्रश्न विचारेल. जाळताना आबांना दुखलं का, असंही विचारेल. नाही, दुखलं नाही, मेल्यावर शरीराला काही जाणवत नाही, एवढं सरळ उत्तर पुरतं. "आबा देवाघरी गेले" म्हणायला हरकत नाही, तुमच्या घरात ते म्हटलं जातच असेल. मात्र त्या वाक्यावर थांबू नका. घर म्हटलं की जाण्या-येण्याचा रस्ता आलाच, आणि तुमचा मुलगा दिवस मोजणाऱ्यांतला आहे.

आणि आता ती ओळ. तुमच्या अख्ख्या पत्रात ती मधेच, घाईघाईत येऊन गेलीय. आबांनी पाणी मागितलं आणि हा म्हणाला, थांबा, एवढं संपू दे. तुम्ही ती लिहून लगेच डॉक्टरांकडे वळलात. मला वाटतं, तो अजून तिथेच बसलाय. तो कुठली वीस मिनिटं लावतो? तीच, जी संपेपर्यंत त्याने आबांना थांबायला सांगितलं होतं.

हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचाही असू शकतो. पण या वयाच्या मुलांना आपल्या एखाद्या शब्दामुळे, रागामुळे, विसरण्यामुळे माणूस गेला असं वाटणं हे फार नेहमीचं आहे. ती हे बोलत नाहीत, कारण बोललं आणि मोठ्यांनी "हो" म्हटलं तर? म्हणून तो विचारेल याची वाट बघू नका. तुम्हीच काढा विषय. समोर बसवून नको, बाजारातून चालत येताना किंवा मटार सोलताना, डोळ्यात डोळे न घालता. सांगा की आबांच्या हृदयाला रक्त पोचवणारी नळी बंद झाली होती. हे आतल्या आत होत होतं, बाहेरून तुला, मला, कुणालाच दिसलं नसतं. तू त्या मिनिटाला पाणी आणून दिलं असतंस तरी ती नळी पाण्याने उघडली नसती. मी स्वयंपाकघरात होते, मलाही कळलं नाही. शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, पण म्हणाच, कारण मला शंका आहे की पाण्याची ती ओळ त्याच्या इतकीच तुम्हालाही टोचतेय.

आता त्याचा प्रश्न. लोखंड्या परत येतोय, मग आबा?

९ वर्षांच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही हे बहुतेक वेळा कळलेलं असतं. मरण उलटं फिरत नाही, शरीर काम करायचं थांबतं, ते सगळ्यांना येतं, त्याला काहीतरी कारण असतं, या गोष्टी मुलांना साधारण सात-आठ वर्षांपर्यंत एकेक करून उमगत जातात. तेव्हा तो माहिती विचारत नाहीये. अंधारात, तुमचा चेहरा दिसत नसताना, तो बघतोय की या घरात खरं कोण सांगतं. तुम्ही "झोप आता" म्हटलंत. पहिल्यांदा सगळेच तसं म्हणतात. तो पुन्हा विचारेल. तेव्हा म्हणा, "नाही रे, आबा परत येणार नाहीत." आणि त्यानंतर "पण" लावू नका. थोडा वेळ तसंच पडून राहा.

लोखंड्याच्या बाबतीत मात्र त्याची माहिती अर्धी आहे, ती दुरुस्त करायला हवी आणि ते तुम्हाला जमेल. परत येतोय तो टोनीचं काम केलेला नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर. २०२४च्या जुलैमध्ये जाहीर झालं की तो नव्या ॲव्हेंजर्स चित्रपटात डॉक्टर डूम नावाच्या खलनायकाचं काम करणार आहे, आणि प्रदर्शनाची तारीख पुढे बदलून १८ डिसेंबर २०२६ अशी दिली गेली. टोनी परत येतोय असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. शाळेतल्या पोरांनी तोंड बघितलं आणि नाव विसरली. आपल्या पिढीला हा घोळ कधी पडला नाही. अमिताभ १९७५ मध्ये 'दीवार'मध्ये आईच्या मांडीवर मेला, त्याच वर्षी 'शोले'त धर्मेंद्रच्या हातांत मेला आणि पुढच्या पिक्चरला पुन्हा लांब ढांगा टाकत आला. कुणी विचारलं नाही, हा तर मेला होता ना? जय मेला होता, अमिताभ नाही. तुमच्या मुलाला हे एका वाक्यात समजेल. वहीतले आकडे तो लगेच खोडेल असं मात्र नाही, आणि तुम्हीही खोडायला सांगू नका. वाट बघायला काहीतरी असणं वाईट नाही, फक्त कशाची वाट बघतोय ते त्याला माहीत हवं.

अमिताभचं नाव निघालंच आहे तर माझं सांगते, कारण तुमच्या मुलाचा हिशेब मी स्वतः करून बसले होते. १९८२ मध्ये मी ८ वर्षांची होते, आम्ही ताडदेवला राहायचो. जुलैत बंगलोरला 'कुली'च्या मारामारीत अमिताभला पोटात लागलं आणि त्याला ब्रीच कँडीत आणलं. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं अंतर. रस्त्यावर माणसंच माणसं. चाळीत कुणी सोमवार धरले, कुणी हाजीअलीला गेले, शेजारच्या काकांनी विड्या सोडल्या (त्या त्यांनी ऑक्टोबरात पुन्हा धरल्या). अमिताभ वाचला. पुढच्या वर्षी पिक्चर लागला. ज्या क्षणी त्याला लागलं होतं तिथे पडद्यावर चित्र थांबलं, अक्षरं आली आणि थिएटर आरडाओरडा करून उठलं. शेवटी हाजीअलीला त्याला गोळ्या लागतात, लोक प्रार्थना करतात आणि तो जगतो. नंतर कळलं की आधी लिहिलेल्या गोष्टीत तो मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट बदलला, इतक्या लोकांनी ज्याचा जीव मागून घेतला त्याला पडद्यावर कसं मारायचं?

हे मी डोक्यात पक्कं ठेवलं. पुरेशा माणसांनी मागितलं तर शेवट बदलतो. दोन वर्षांनी माझी आजी आजारी पडली तेव्हा मी वर्गातल्या ४१ मुलींना प्रार्थना करायला सांगितली होती. नावं वहीत लिहिली होती. आजी गेल्यावर मी ती वही घेऊन गच्चीवर बसले आणि कोणत्या मुलीने केली नसेल ते शोधत राहिले. दोघींशी मी वर्षभर बोलले नाही. हे मला घरात कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. त्यामुळे तुमच्या मुलाच्या वहीबद्दल वाचल्यावर मला हसू आलं नाही.

मिस्टरांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही, हेही मान्य करते. मारणं आणि उठवणं हा कॉमिक्सचा जुना धंदा आहे. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं, अंक घ्यायला दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि वर्षभराच्या आत तो परत उडायला लागला. १९८८ मध्ये तर बॅटमनचा साथीदार दुसरा रॉबिन जगावा की मरावा हे वाचकांकडून फोनवर मतं मागवून ठरवलं. मरावा, असं ५,३४३ जण म्हणाले, जगावा असं ५,२७१. पोरगं ७२ मतांनी मेलं. त्यालाही पुढे २००५ मध्ये परत आणलं. सगळ्यांनाच आणलं असंही नाही. स्पायडर-मॅनची मैत्रीण ग्वेन १९७३च्या अंकात मेली, ती पीटरची ग्वेन मेलेलीच राहिली, आणि म्हणूनच ५० वर्षं लोक तिची आठवण काढतात. तेव्हा मिस्टरांना म्हणा, धंदा आहे ते बरोबर, पण पोरगा रडतोय ते धंद्यासाठी नाही.

शिवाय, ज्या पिक्चरवर ते चिडलेत तो या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. तुमच्या मुलाला विचारा, तो तुम्हाला समजावून सांगेल. आदल्या चित्रपटात वांग्याच्या चुटकीने अर्धी दुनिया नाहीशी होते. पाच वर्षांनी हल्क, म्हणजे त्यांच्यातला तो हिरवा धिप्पाड हिरो, चुटकी वाजवतो आणि ती सगळी माणसं परत येतात. पण नताशा? ब्लॅक विडो, जिने आपला जीव दिला? हल्क नंतर सांगतो की त्याने तिलाही परत आणायचा प्रयत्न केला, नाही जमलं. सहाच्या सहा खडे हातात असताना नाही जमलं. त्याला विचारा, "हल्कने नताशाला का नाही रे आणलं?" आणि तो काय म्हणतो ते ऐका. तुम्ही काही शिकवू नका. आबांपर्यंत तो आपला आपण पोचेल किंवा त्या दिवशी पोचणार नाही.

आणखी एक विचारा. ती वीस मिनिटं तो कुठे थांबवतो? टोनी गेला की बंद करतो, तळ्याकाठच्या माणसांनंतर करतो, की अगदी शेवटपर्यंत जातो? कारण शेवटी, त्याच तळ्याकाठी, बाकावर एक म्हातारा पाठमोरा बसलेला असतो. तो कॅप्टन अमेरिका. भूतकाळात राहून, संसार करून, म्हातारा होऊन आलेला. शांत बसलेला असतो, घाई नसते. तुमचा मुलगा तिथपर्यंत जात असेल तर तो फक्त मरणासाठी पिक्चर लावत नाहीये. जात नसेल तर एक दिवस त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, आज पुढचं पण बघू या. नुसतं बसायचं. मोबाइल हातात न घेता. ही जागा आबांची होती आणि ती दोन महिने रिकामी आहे. त्यावर तुम्ही बसलात तर आबा होणार नाही, पण पोरगं एकटं बघणार नाही. आणि वांग्याला थॅनॉस म्हणू नका, वांगंच म्हणा.

पुढे कधी त्याला दुसरा पिक्चर दाखवावासा वाटला तर 'ब्लॅक पँथर: वकांडा फॉरएव्हर' दाखवा. त्यात मरण पिक्चरमधलं राहिलेलं नाही. राजा टी'चालाचं, म्हणजे ब्लॅक पँथरचं, काम करणारा चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० रोजी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने खराच गेला, वय ४३. आजार त्याने लोकांना कळू दिला नव्हता. त्याच्या जागी दुसरा नट घेता आला असता. नाही घेतला. दोन वर्षांनी आलेल्या चित्रपटात राजाच मेलेला दाखवला. सुरुवातीलाच त्याची अंत्ययात्रा, आणि सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. आपल्यासारखीच पांढरी. त्याची बहीण ते सुतकाचे कपडे जाळायला तयार होत नाही. आई सांगते, वर्ष झालं, आता जाळ. ती नाही म्हणते. पिक्चरभर मारामाऱ्या होतात, आणि मग अगदी शेवटी समुद्राकाठी बसून ती ते कपडे जाळते. मला त्या मारामाऱ्यांतलं आता काहीच आठवत नाही. (वुल्व्हरिनचे 'लोगन' आणि त्यानंतरचे पिक्चर मात्र सध्या लांब ठेवा, रक्तपात फार आहे. तो हट्ट करेल. वुल्व्हरिन परत आल्याचंही कुणीतरी शाळेत सांगितलंच असेल.)

आबांचा फोन कपाटातून काढा. चार्ज करा. टोनीचं मेल्यानंतरचं बोलणं तो रोज ऐकतोय आणि आबांचं बोलणं कपड्यांखाली बंद आहे, हे काही बरं नाही. आधी तुम्ही आणि मिस्टर ऐका, कारण तुम्हीही रडाल आणि ते आधी उरकून घेतलेलं बरं. मग त्याला सांगा की हे आहेत, तुला हवं तेव्हा ऐक, नको असेल तर नको. मेसेज दुसऱ्या फोनवरही उतरवून ठेवा. जुने फोन कधी बंद पडतील नेम नसतो, आणि मग मात्र मला दुसरं पत्र येईल ज्याला माझ्याकडे उत्तर नाही.

काळजी कधी करायची? तो रडतो म्हणून नको. पण जेवण तुटलं, झोप उडाली, शाळेत जायचंच नाही म्हणू लागला, खेळणं-बोलणं सोडलं, किंवा मला आबांकडे जायचंय असं म्हणाला, तर थांबू नका. तुमच्यापासून केईएम जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवा. तेवढं करण्याआधी कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना घरी काय झालंय ते कळवून ठेवा. वर्गशिक्षिकेला तर कळवाच.

त्या तळ्याकाठच्या प्रसंगानंतर टोनीची मुलगी पायरीवर बसलेली असते. वडिलांचा ड्रायव्हर-मित्र तिला विचारतो, भूक लागलीय का, काय हवं? ती म्हणते, चीजबर्गर. तो म्हणतो, तुझ्या बाबांना पण आवडायचे. इथे २००८चा पहिला पिक्चर आठवणाऱ्यांना भरून येतं, कारण कैदेतून सुटून आल्यावर टोनीने पहिल्यांदा तेच मागितलेलं असतं. आपल्याला हे नवं नाही. गेलेल्या माणसाला आवडायचं ते आपण त्याच्या तिथीला करतोच. कुणाच्या घरी त्या दिवशी सुकट होते, कुणाच्या घरी विडीचं बंडल पानाशेजारी ठेवतात. आबांना काय आवडायचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या मुलाला विचारा. त्याला जे माहीत असेल ते तुमच्या यादीत नसेल, कारण आजोबा-नातू बाहेर काय खायचे ते घरी सांगत नाहीत.

आता श्रावण चालू आहे. भाद्रपदात पितृपक्ष येईल. पहिल्याच वर्षी भरणी श्राद्ध करायचं की वर्ष भरल्यावर, यावर दोन गुरुजींचं एकमत होत नाही, तुमच्या घरची जी रीत असेल ती करा. बाणगंगेला जाल किंवा घरीच कराल. तर्पणाचं पाणी मिस्टरांनी द्यायचं, मुलाचे वडील हयात असताना मुलाने ते द्यायचं नसतं. पण मिस्टरांच्या ओंजळीत पाणी ओतायला कुणीतरी लागतंच, आणि तिथे कुणी बसायचं याला कसलाही नियम नाही. तांब्या मुलाच्या हातात द्या. पूर्ण भरून द्या. कुणाचं पाणी, कशाला, असं त्याने विचारलं तर सांगा, आबांना.